काळी नदीत ट्यूबवरून एक दिवस, आणि पत्रकातली ती गुहा

आधी फोटोचं सांगते, कारण आम्ही गेलो ते त्या फोटोमुळं.

नोव्हेंबरात ह्यांच्या फाउंड्रीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कर्नाटकातल्या दांडेलीजवळच्या गणेशगुडीच्या एका कॅम्पचं पत्रक आलं. अंधारी गुहा, हिरवट पाणी, डोक्याला दिवे लावलेली माणसं पिवळ्या ट्यूबांत बसून एकामागोमाग तरंगत चाललेली. खाली लिहिलेलं, 'जंगल, नदी, गुहा, एका दिवसात, सहकुटुंब'. ह्यांनी फोन माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, बेळगावच्या आपल्या शहापुरातनं दोन-सव्वादोन तासांवर असं काही आहे आणि आपल्याला ठाऊक नाही?

थोरली नववीत आहे. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "आई, हे आपल्याकडचं नव्हे. हे बेलीझ आहे." मध्य अमेरिकेत मेक्सिकोला लागून बेलीझ नावाचा छोटा देश आहे. तिथं केव्ज ब्रँच नावाची नदी डोंगराच्या पोटातनं वाहते आणि लोक ट्यूबवर बसून त्या गुहांतनं जातात. तिनं त्याचे व्हिडिओ बघितलेले. तिथला डोंगर चुनखडीचा. चुनखडी पाण्यात विरघळते, त्यामुळं हजारो वर्षं वाहून नदीनं आपली वाट दगडातनंच कोरून काढली. जुने माया लोक त्या गुहांना पाताळाचं दार समजत आणि आत मातीची भांडी ठेवून पूजा करत. हे सगळं पोरीनं मला भाकऱ्या थापताना सांगितलं.

मी कॅम्पला फोन लावला. "फोटोतली गुहा कुठं आहे?" पलीकडचा माणूस थोडा थांबला. मग सरळ म्हणाला, "ट्यूब नदीत असते मॅडम. गुहा कवळ्याला, वेगळी." म्हणजे ट्यूब आहे, नदी आहे, जंगल आहे, गुहाही आहे, पण गुहेतनं वाहणारी नदी नाही. खरं बोलला म्हणून मी बुकिंग केलं. पण खरं फोनवर कळण्यापेक्षा पत्रकात कळायला हवं होतं.

कॅम्पचं नाव लिहीत नाही. जे खटकलं ते मालकांना समोरासमोर सांगितलंय. आणि मी लिहितेय त्यातलं बरंचसं त्या नदीकाठच्या कुठल्याही कॅम्पला लागू आहे.

आम्ही पाच जण: हे, मी, थोरली, पाचवीतला धाकटा आणि मामी. सासूबाईंना मी मामीच म्हणते. वय सहासष्ट, गुडघे दुखतात, पाण्याची भीती नाही. उलट मला आहे. मला पोहता येत नाही.

मामींना नेण्याचं कारण वेगळं. त्यांचं माहेर सुपा. काळी नदीवरचं ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव नकाशावर राहिलं नाही, धरणाच्या नावात तेवढं राहिलं. त्या तालुक्याचं नावसुद्धा आधी सुपाच होतं, आता जोयडा. मामींचं लग्न होऊन त्या शहापुरात आल्या आणि मागं त्यांच्या भावांना रामनगरला जागा मिळाली. धरण 1987 साली पुरं झालं. मामी रामनगरला दरवर्षी जातात, पण पुढं गणेशगुडीला कधी गेल्या नव्हत्या. "काय बघायचं तिथं?" एवढंच म्हणायच्या. या खेपेला नातवानं हात धरला, म्हणून आल्या.

सकाळी सहाला निघालो. पिरनवाडी, मच्छे, गणेबैलचा टोल, खानापूर. मलप्रभेवर धुकं होतं. लोंढ्यापर्यंत रस्ता चांगला. रामनगरला मामींच्या भावाकडं दहा मिनिटं थांबून चहा घेतला आणि डावीकडं वळलो. जगलबेटच्या पुढं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येतं. माझ्या फोनची रेंज तिथं गेली ती संध्याकाळीच आली. पैसे फोनवरनं द्यायचे असतील तर आधीच द्या किंवा रोख ठेवा. आमच्यासमोर एका कुटुंबाला पैशासाठी पार गावापर्यंत परत जावं लागलं.

पावणेनऊला पोचलो. साडेनऊला पाण्यात उतरायचं असं सांगितलेलं. उतरलो अकरा वाजून दहा मिनिटांनी. उशिराची कारणं दोन. एक त्यांची चूक होती, दुसरं नाही.

जी त्यांची चूक नव्हती ती आधी सांगते, कारण ती समजली तर तिथं जाणाऱ्याची निम्मी चिडचिड वाचेल. गणेशगुडीला काळी नदी आपल्या मनानं वाहत नाही. वर सुपा धरण आहे, 101 मीटर उंच, 332 मीटर लांब. त्याच्या पायथ्याशी वीजघर, पन्नास-पन्नास मेगावॅटची दोन यंत्रं. वीज करायची वेळ झाली की पाणी यंत्रांतनं खाली सुटतं आणि नदी भरते. यंत्रं थांबली की नदी उतरते आणि दगड उघडे पडतात. ट्यूब असो की राफ्ट, म्हणजे हवा भरलेली मोठी होडी, सगळं त्या सोडलेल्या पाण्यावर. कॅम्पवाल्यांच्या हातात ते नाही. आम्ही काठावर बसलो तेव्हा नदी म्हणजे काळ्या खडकांतनं पळणारी चार-पाच धारांची गंमत होती. साडेदहाच्या सुमाराला धाकटा ओरडला, "तो दगड गेला!" खरंच, ज्या दगडावर मघाशी बगळा उभा होता तो पाण्यात गेला होता. वीस मिनिटांत समोरचं सगळं रूप पालटलं. आवाजसुद्धा. आधी खळखळ होती, नंतर घुमल्यासारखा एकच जाड आवाज.

हे मशीनवाले माणूस, त्यांना यातच जास्त रस. हेच पाणी पुढं नागझरीला परत वीज करतं, त्याच्या पुढं कोडसळ्ळीला आणि कद्र्याला परत, हे त्यांनी पोरांना तिथंच काठावर वाळूत रेघा ओढून दाखवलं. दिग्गीजवळ उगम, कारवारला समुद्र, 184 किलोमीटरची नदी, सगळी एकाच जिल्ह्यातली. मला हे नवीन होतं. आपण शाळेत कृष्णा-घटप्रभा-मलप्रभा पाठ केली, काळी शेजारी असून राहून गेली.

म्हणून बुकिंग करताना 'किती वाजता सुरू' एवढंच विचारू नका. 'त्या दिवशी पाणी कधी सुटायचंय' हे आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा. त्यांना अंदाज असतो. आणि पाणी नाही, नदी उथळ दिसतेय म्हणून पोरांना खडकावर खेळायला सोडू नका. अजिबात सोडू नका. ते वीस मिनिटांत काय होतं ते मी बघितलंय.

आता त्यांची चूक. लाइफ जॅकेट. धाकट्याचं वजन सत्तावीस किलो. त्याला मोठ्या माणसाचं जॅकेट घातलं आणि पट्टे ओढून बसवलं. बघायला घट्ट दिसत होतं. पण आदल्या रात्री ह्यांनी सांगितलेलं, जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायचं, ते कानापर्यंत आलं तर पाण्यात डोक्यावरनं निघून जाणार. मी उचललं. जॅकेट त्याच्या नाकाच्या वर गेलं. मी म्हटलं, हे चालणार नाही. मांडीमधनं जाणारा पट्टा तरी द्या. तोही नव्हता. तिथला एक जण म्हणाला, "काही होत नाही मॅडम, रोज पोरं जातात." मी म्हटलं, रोज जाणारी पोरं माझी नव्हेत.

मालक स्वतः आले. त्यांनी वाद घातला नाही, हे लिहायला हवं. त्यांनी मोटरसायकलवर पोराला पाठवून दुसऱ्या कॅम्पवरनं लहान जॅकेटं आणली. त्यात चाळीस मिनिटं गेली. सोबतचे दोन ग्रुप कुरकुरले. पण त्यातलं एक पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाच्या मुलीलाही लागलं, कारण त्यांनी लगोलग तिचंही उचलून बघितलं. 2022 च्या एप्रिलमध्ये याच नदीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवलेली राफ्ट अडकली होती, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. ते बघून मग मी जॅकेटच्या बाबतीत भीड ठेवायची?

हेल्मेट सगळ्यांना दिलं, मापाचं. ते बरं वाटलं.

आता गाइड. या दिवसाचे माझ्याकडनं सगळ्यात जास्त गुण त्याला. पंचविशीतला पोरगा, जोयड्याकडच्याच एका कुणबी वाड्यातला. आमच्याशी मराठी, मालकांशी कन्नड, पुणेकरांशी हिंदी, आणि आपल्या जोडीदाराशी कोकणी. त्यानं पाण्यात उतरायच्या आधी पंधरा मिनिटं सगळ्यांना वाळूवर झोपवून शिकवलं. ट्यूबमधनं पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाणी गुडघाभर वाटलं तरी नाही, कारण पाय दोन दगडांत अडकला की धार माणसाला पुढं वाकवते आणि मग उठता येत नाही. पडलात तर पाठीवर, पाय पुढं, बोटं पाण्याच्या वर, गुडघे थोडे वाकलेले. दगड आला तर पायानं ढकला. माझ्याकडनं त्यानं हे तीनदा करून घेतलं, कारण पोहता येत नाही म्हणणारी मीच एकटी होते. तिसऱ्यांदा म्हणाला, "आक्का, आता तुमी पडलात तरी मला काळजी नाही." तेवढ्यानं माझ्या पोटातला गोळा जरा सैल झाला.

ट्यूब म्हणजे आपल्या गॅरेजातली ट्रकची काळी ट्यूब नव्हे. जाड कापडाचं आवरण, खाली जाळीचा तळ, दोन्हीकडं धरायला पट्टे. पोराला एकट्याला सोडलं नाही. त्याची ट्यूब गाइडनं आपल्या ट्यूबला आखूड दोरीनं जोडली, आणि ती दोरी ओढली की सुटेल अशी गाठ होती, तीही दाखवली. आम्हा बाकीच्यांची आगगाडी केली. मागच्यानं पाय पुढच्याच्या काखेत द्यायचे, पुढच्यानं ते दाबून धरायचे. हे सगळ्यात पुढं, मग थोरली, मग मी. लेकीच्या काखेत माझे पाय आणि माझ्या काखेत पुण्याच्या त्या अनोळखी बाईंचे पाय. त्या बाईंशी माझी ओळख अशी झाली.

पाणी गार. डिसेंबरच्या उन्हातही दात वाजले. धरणातलं खालच्या थरातलं पाणी येतं, त्याला ऊन लागलेलं नसतं. पहिला मिनिटभर श्वास नीट घेता येत नाही, घाबरू नका, मग अंग सरावतं. पोरांना आत अंगाबरोबरचा जाड टी-शर्ट घाला, सुती नको. सुती कपडे भिजून जड होतात आणि वाळत नाहीत. मी सलवार घालून गेले ती चूक, लेगिंग बरं.

पहिली दोनशे मीटर नदी पसरट आणि शांत आहे. दोन्ही काठांवर वाळुंज, जांभळं, त्यांच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या, मागं बांबूची बेटं. फांद्या इतक्या खाली आलेल्या की काही ठिकाणी वर आभाळ राहत नाही. ट्यूबमध्ये आपण पाण्याच्या पातळीला असतो. राफ्टमध्ये माणूस वर बसतो, वल्हं मारतो, आरडाओरडा करतो. ट्यूबमध्ये काही करायचं नसतं. मान मागं टाकली की झाडं उलटी सरकत जातात. मी घरी रोज पाच वाजता उठते आणि रात्री अकराला पाठ टेकते. कुणीतरी मला उताणं झोपवून, काही न करता, फांद्यांखालनं वाहून नेतंय, हे मला लहानपणानंतर पहिल्यांदा घडलं. डोळ्यांत पाणी आलं, ते नदीचंच समजून पुसलं नाही.

डोक्यावरनं एक धनेश गेला. त्याच्या पंखांचा आवाज आधी ऐकू आला, कुणीतरी जवळनं सूप पाखडल्यासारखा, मग तो दिसला. काळा-पांढरा, चोचीवर शिंग. गाइड म्हणाला, कवड्या धनेश. दांडेलीला या पक्ष्याच्या नावानं महोत्सव भरतो ते ऐकून होते. बघितला इथं.

मग मधला उतार. पाण्याला पांढरा फेस, आवाज वाढला. गाइडनं आगगाडी तोडायला सांगितली, प्रत्येकानं आपापले पट्टे धरायचे, पोटाचा भाग वर उचलायचा, नाहीतर खालच्या दगडाला पाठ घासते. मी उचलायला विसरले. कमरेला एक दगड लागला, दोन दिवस काळंनिळं होतं. उतार असेल दहा-बारा सेकंदांचा. ट्यूब गरगर फिरली, तोंडावर पाणी, मी देवाचं नाव घेतलं की लेकीचं ते आठवत नाही. खाली आले तर दुसरा गाइड दोरी घेऊन खडकावर उभाच होता. म्हणजे जिथं माणूस पडू शकतो तिथं आधीच माणूस उभा केलेला. हे मी मुद्दाम लिहितेय. तुम्ही जाल तिथं हे विचारा, उताराच्या खाली दोरी घेऊन कुणी उभं असतं का? नसेल तर पैसे परत घ्या.

पुण्याच्या बाई तिथं पडल्या. पाठीवर, पाय पुढं, शिकवल्यासारख्या आल्या, दोरी धरली, हसत होत्या.

मगरीचं विचारणार तुम्ही, म्हणून सांगते. मीही विचारलं. गाइड म्हणाला, मगरी खाली दांडेलीच्या बाजूला, संथ डोहाच्या पाण्यात, इथल्या धारेत नाहीत. दांडेलीजवळ नदीत मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, तिथं माणसांवर हल्लेही झालेत. त्यामुळं परतीच्या वाटेवर कुठंही गाडी थांबवून 'जरा पाय बुडवू' असं करू नका. नदी एकच असली तरी जागा एक नाही.

पाऊण तासात पाण्यातला प्रवास संपला. जीपनं परत आणलं. पाऊण तासाला मोठ्यांचे 1300 आणि लहानांचे 900 रुपये, जेवण धरून, महाग की स्वस्त? मला वसूल वाटलं. ह्यांना थोडं जास्त वाटलं. मामींचे फक्त जेवणाचे 350 घेतले.

मामींचं सांगायचं राहिलंय.

आम्ही पाण्यात गेलो तेव्हा त्या काठावर खुर्चीत बसलेल्या. परत आलो तर खुर्ची रिकामी. माझ्या काळजात धस्स झालं. बघते तर कॅम्पच्या बाजूला खडकांच्या आड एक शांत कोपरा आहे, गुडघाभर पाण्याचा, तिथं मामी ट्यूबमध्ये बसलेल्या. अंगात लाइफ जॅकेट, साडीचा पदर त्याच्यावरनं ओढून घेतलेला, ट्यूबला दोरी, दोरीचं टोक जेवण वाढणाऱ्या बाईंच्या हातात. त्या बाईही जोयड्याच्याच. दोघींचं कोकणीत चाललेलं. मामींच्या माहेरी कोकणी बोलत, शहापुरात येऊन त्यांची ती बोली सुटली होती. माझं लग्न होऊन सतरा वर्षं झाली, त्यांना इतकं कोकणी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

गाइड पोरगा पाण्यात उतरून त्यांच्याजवळ गेला. मामींनी विचारलं, "हे पाणी वरनंच येऊलालंय न्हवं? सुप्यातनं?" तो म्हणाला, "होय आज्जी. सगळं तिथलंच." मामींनी दोन्ही हात पाण्यात सोडले आणि बराच वेळ तशाच बसल्या. मग म्हणाल्या, गावात काळी आणि पांढरी अशा दोन नद्या एकत्र येत, आणि आम्ही बहिणी पांढरीवर धुणं धुवायचो, कारण काळीला धार जास्त. पोराला हे माहीत होतं. त्याची आज्जीही वरच्याच एका बुडालेल्या वाडीतली. तो तसाच पाण्यात उभा राहून ऐकत होता, पुढचा ग्रुप हाका मारत होता तरी.

हे कुठल्या पत्रकात नसतं आणि याचे पैसे कुणी घेतले नाहीत. म्हातारं माणूस काठावर बसून राहील असं समजून आम्ही गेलो. त्या बाईंनी आपण होऊन विचारलं, "आज्जी, बसता काय?" कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण साधं आणि चांगलं. भात, सोलकढी, कुळथाची आमटी, चपाती, आणि मुडलीचे काप. मुडली म्हणजे अळवाच्या जातीचं मोठं कंद, जोयड्याचे कुणबी लोक पिढ्यान् पिढ्या लावतात. रव्यात घोळवून तव्यावर. धाकट्यानं सुरमई समजून चार खाल्ले. शाकाहारींना तिथं काही कमी पडत नाही. मासळी होती, पण मसाला आपल्यापेक्षा कमी. आम्ही नेलेला कुंदा सगळ्यांना वाटला.

कपडे बदलायची सोय वाईट. बायकांसाठी एकच खोली, आतनं कडी लागत नाही. एकीनं आत जायचं आणि दुसरीनं दाराला पाठ लावून उभं राहायचं. तीसेक बायका-मुली असताना हे बरोबर नाही. एक कडी पन्नास रुपयांना मिळते. शौचालय स्वच्छ होतं.

दुपारी कवळ्याच्या गुहेला जायचं राहिलं. पाणी उशिरा आलं आणि मामींचे गुडघे. ती गुहा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, शेकडो पायऱ्या उतरायच्या आणि आत वाकून, रांगत जायचं. छतातनं थेंब-थेंब ठिबकून जमिनीवर चुन्याचा उंचवटा तयार झालाय, लोक त्याला शिवलिंग मानतात, महाशिवरात्रीला गर्दी होते. म्हणजे बेलीझच्या गुहांत जे घडलं तेच इथं घडलंय, फक्त नदीऐवजी थेंबांनी. थोरलीला ती बघायचीच होती, ती हिरमुसली. तिला मी सांगितलं, ट्यूब आणि कवळा एका दिवसात करायचं पत्रकात लिहिलंय, पण बेळगावहून सकाळी निघून दोन्ही नीट होत नाही. एक दिवस ट्यूब, दुसऱ्या खेपेला कवळा आणि सिंथेरीचा कडा. सिंथेरी मी कॉलेजात असताना बघितलाय. तीनशे फुटांचा एकसंध खडक, पायथ्याशी कानेरी नदी, कपारींत आग्या मोहळं. तिथल्या पाण्यात उतरायचं नाही.

आणि गुहांची इतकी हौस असेल तर आपल्याच खानापूर तालुक्याबद्दल वाचा, मी लेकीला म्हटलं. भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. तिथलं रॉटनचं वटवाघूळ 1913 साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नोंदवलं आणि पुढं कित्येक वर्षं ते जगात फक्त तिथंच आहे असं समजत होते. तिथं सहल काढायची नाही, त्या जिवांना त्रास होतो. पण आपल्या घरापासनं दीड-दोन तासांवर असं काही आहे हे ठाऊक तरी असावं.

म्हणूनच तो परक्या देशाचा फोटो मला इतका खटकला. निघताना मी मालकांना म्हटलं, तुमच्याकडं नदी आहे, धनेश आहे, असा गाइड आहे, दोरी धरून आमच्या आज्जीला पाण्यात बसवणारी माणसं आहेत. दुसऱ्याची गुहा कशाला लावता? बघायला आलेला माणूस गुहा शोधतो आणि समोरची नदी त्याला कमी वाटायला लागते. पुण्याच्या त्या कुटुंबाचं तसंच झालं. त्यांच्या मुलानं अर्धा वेळ 'गुहा कधी येणार' विचारण्यात घालवला. मालकांनी ऐकून घेतलं. आपल्या मुलानं तो इंटरनेटवरनं घेऊन पत्रकात लावला होता म्हणाले, बदलतो. कडीचं आणि लहान जॅकेटांचंही वहीत लिहून घेतलं.

धरणावर जायला आधी परवानगी लागते, ती आम्ही काढली नव्हती. जोयड्याच्या रस्त्यानं थोडं पुढं जाऊन साठलेलं पाणी दिसतं तिथं गाडी थांबवली. पाणी लांबपर्यंत, मधे डोंगरांची टोकं. मामी गाडीतनं उतरल्या नाहीत. काच खाली घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "चला, रामनगरला भाऊ वाट बघत असेल."

परवा मी कॅम्पला परत फोन केला. मामींच्या धाकट्या बहिणीला, हल्याळच्या मावशींना, घेऊन फेब्रुवारीत जायचंय. दोघींना त्या कोपऱ्यात बसायचंय. मालकांनी ओळखलं. खोलीला कडी बसवली म्हणाले. लहान जॅकेटं चार आणलीत, वीस ते तीस किलोची दोन आणि त्याखालची दोन, मांडीच्या पट्ट्यासकट. मी फोटो पाठवा म्हटलं, त्यांनी पाठवला, पट्टे दिसतायत.

पत्रकात गुहा अजून तशीच आहे. मी त्यांना मामींचा ट्यूबमधला फोटो पाठवलाय. मामींना विचारून पाठवलाय. हा लावा म्हणून लिहिलंय. अजून उत्तर आलेलं नाही.